शहाण्याने कोर्टाची पायरी चढावी!

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या समाजात इतकी रुळली आहे की, ती खरी की खोटी हे तपासून पाहण्याची गरजही कोणास वाटत नाही. अलीकडे सरकारी कचेऱ्यांतून या म्हणीची एक आटोपशीर आवृत्ती निघाली आहे : ‘दंड भरा आणि मोकळे व्हा.’ मधल्या सुट्टीत डबे उघडावेत, कोणाच्या तरी मोबाइलवर अतिवेगाबद्दलच्या ई-चलानाचा संदेश यावा, त्याने ‘अहो, मी त्या दिवशी इतक्या वेगाने गेलोच नाही’ असे म्हणावे आणि भोवतालच्या चौघांनी एकमुखाने हा उपदेश करावा, हा प्रकार आता नित्याचा झाला आहे. नवल हे की, उपदेश करणारे हेच गृहस्थ डबा आटोपून मेजावर परतले की समोरच्या फायलीवर ‘आधार नमूद करावा’, ‘मूळ कागद जोडावा’ असे शेरे मारू लागतात! प्रवासभत्त्याच्या देयकास एक तिकीट जोडलेले नाही म्हणून ते परत पाठविणारा हा वर्ग. पण स्वतःवर ठेवलेल्या आरोपाचा आधार विचारण्याची त्यास लाज वाटते.

हा उपदेश कायद्याच्या दृष्टीने अज्ञानमूलक आहे, नीतीच्या दृष्टीने त्याहून वाईट आहे, आणि सरकारी नोकराच्या तोंडी तर तो अगदीच शोभत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. वेगमर्यादा खरोखर ओलांडली असेल तर दंड त्याच दिवशी भरावा. त्यात वाद नाही. परंतु ती ओलांडली नसेल, आणि गाडीच्या काचेमागे लावलेल्या कॅमेऱ्यात, म्हणजे ज्यास सर्वजण डॅशकॅम म्हणतात त्यात, त्या क्षणाचे चित्रण असेल, तर ते घेऊन दाद मागितलीच पाहिजे; आणि सरकारनेही ते चित्रण उघडून पाहिलेच पाहिजे. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात चलानाची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, या मासिकाचे बहुसंख्य वाचक आमच्यासारखेच बदलीच्या गावी राहणारे आणि लेखणीवर पोट भरणारे आहेत. नोंद म्हणजे काय आणि ती खोटी असली म्हणजे काय होते, हे त्यांना नाही कळणार तर कोणास कळणार?

प्रारंभीच एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, म्हणजे या लेखाचा आश्रय बेफाम गाडी हाकणाऱ्यांनी करू नये. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील शेकडा ७१ मृत्यू अतिवेगाच्या सदरात नोंदले गेले. एखादे मध्यम शहर दरसाल नकाशावरून पुसले जावे असा हा संहार आहे. तेव्हा रस्त्यावर वेग मोजणारी यंत्रे बसली याचे आम्हांस दुःख नाही; उलट आनंदच आहे. केरळात जून २०२३ मध्ये ७२६ कॅमेऱ्यांची योजना सुरू झाली, मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ साली कमानींवर कॅमेरे आले, बंगळूर–म्हैसूर मार्गावरही आले. यंत्रास चिरीमिरी चालत नाही, ओळख लागत नाही आणि ‘साहेबांची गाडी आहे’ हे वाक्य ऐकू येत नाही. चौकातील घासाघीस ज्याने बंद केली त्या यंत्राचे आम्ही स्वागतच करतो. आमचे म्हणणे एवढेच की, यंत्र साक्षीदार आहे. त्यास न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसवू नये.

आणि हे म्हणणे आमचे एकट्याचे नाही. खुद्द कायद्याचे आहे. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील १८३वे कलम अतिवेगाच्या शिक्षेचे. हलक्या मोटारीस एक हजारापासून दोन हजारांपर्यंत दंड, आणि तोच गुन्हा पुन्हा घडल्यास परवाना अडकवून ठेवण्याची तरतूद. याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात एक शहाणपणाची अट आहे. ‘माझ्या मते गाडी फार वेगाने जात होती’ एवढ्या एका साक्षीदाराच्या मतावर कोणासही दोषी ठरविता येणार नाही. ते मत यंत्राने केलेल्या मोजणीवर आधारलेले असल्याचे दाखविले पाहिजे. म्हणजे माणसाच्या एकट्या डोळ्यावर विसंबू नये, हे कायद्यानेच ठरविले. २०१९च्या दुरुस्तीने इलेक्ट्रॉनिक देखरेखीचे १३६-अ हे कलम आले, आणि ११ ऑगस्ट २०२१च्या अधिसूचनेने केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम घातला. हा नियम प्रत्येक वाहनधारकाने एकदा तरी वाचावा. यंत्र अचूक असून नीट चालत असल्याचे प्रमाणपत्र राज्याच्या नियुक्त अधिकाऱ्याकडून घ्यावे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण करावे. कॅमेरे असलेल्या टप्प्यापूर्वी ठळक सूचनाफलक लावावेत. गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत धाडावी. आणि चलानाचा निकाल लागेपर्यंत मूळ नोंद जपून ठेवावी, असे त्यात म्हटले. शिवाय चलानासोबत गुन्हा व नंबरप्लेट स्पष्ट दाखविणारे छायाचित्र, यंत्राने केलेली मोजणी, तारीख-वेळ-स्थळ, मोडलेल्या कलमाचा उल्लेख, पुरावा कायद्याखालील प्रमाणपत्र आणि अधिकृत व्यक्तीची सही, एवढे सारे असावे असेही सांगितले. आपल्यास आलेल्या चलानात यांपैकी किती गोष्टी होत्या, हे वाचकांनी स्वतःशीच मोजून पाहावे.

याच नियमात ‘इलेक्ट्रॉनिक अंमलबजावणी साधने’ म्हणून जी यादी दिली आहे तीत वेगकॅमेरा व स्पीडगन यांच्या पंक्तीस चक्क डॅशबोर्डवरील कॅमेराही बसविला आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. तोच कॅमेरा, त्याच बाजारातून घेतलेला, पोलिसांच्या गाडीत बसविला म्हणजे नागरिकास शिक्षा देण्यास समर्थ. आणि नागरिकाच्या गाडीत बसविला म्हणजे पाहण्याच्याही लायकीचा नाही! काचेची भिंगे दोन्हीकडे एकच असताना हा वर्णभेद कोठून आला? साक्षीदार विश्वसनीय आहे की नाही हे तो काय सांगतो यावरून ठरावे, तो कोणाच्या गाडीत बसला होता यावरून नव्हे.

सरकारी यंत्र चुकत नाही, हा समज तर वजनमापांचा विचार केला की लगेच गळून पडतो. मंडईत कोथिंबिरीची जुडी आणि पावशेर मिरची तोलणाऱ्या भाजीवालीच्या तागडीस वैधमापनशास्त्र खात्याचा शिक्का लागतो. पेट्रोलपंपाच्या मापास लागतो. सराफाच्या काट्यास लागतो. पण ज्या रडारयंत्राच्या आकड्यावरून नागरिकाच्या खिशातून दोन हजार रुपये काढावयाचे, त्या यंत्राची पडताळणी करून शिक्का मारण्याचे स्वतंत्र नियम केंद्र सरकारने २०२५ साली काढले व ते १ जुलै २०२५ पासून अंमलात आणण्याचे ठरविले. हे पाऊल स्तुत्य आहे, यात शंका नाही. परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की, शिक्क्याची गरज सरकारनेच मान्य केली. मग आमच्यावरील आकडा काढणाऱ्या यंत्रास शिक्का होता काय, असे विचारणाऱ्या नागरिकास ‘फार कायदा सांगता’ म्हणून हिणवण्याचे कारण काय?

यंत्र चुकते कसे, हेही समजून घ्यावे. रडारची बंदूक रेडिओ लहरी सोडते. गाडीवर आपटून परतलेल्या लहरींच्या कंपनसंख्येत जो फरक पडतो त्यावरून वेग काढते. आगगाडी जवळ येताना शिट्टी चढी वाटते आणि दूर जाताना उतरते, त्याच तत्त्वाची ही करामत. तत्त्व निर्दोष आहे. परंतु या लहरींचा झोत दूर जाईल तसा पसरतो, आणि त्यात एकाच वेळी दोन वाहने सापडली तर मोठ्या पत्र्याचा ट्रक लहान मोटारीपेक्षा अधिक जोराने प्रतिध्वनी देतो. वेग ट्रकचा आणि नंबरप्लेट मोटारीची, असा संकर मग घडू शकतो. लेझरच्या यंत्राचा झोत अरुंद असतो, म्हणून हा दोष त्यात कमी. पण तेथेही नेम धरणारा हात माणसाचाच. नंबर वाचणारी यंत्रे चिखलाने माखलेला आकडा चुकीचा वाचतात. दुसऱ्याच्या नंबराची खोटी पाटी लावून फिरणारे महाभागही आहेत. चलानावरील छायाचित्र हे सारे प्रश्न सोडवीत नाही, कारण ते एका क्षणाचे असते. डॅशकॅम त्या क्षणाच्या अलीकडचे आणि पलीकडचे मिनिट दाखवितो : शेजारून कोण गेले, पुढे कोण होते, आपण कोणत्या पट्ट्यात होतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. डॅशकॅमच्या चित्रावर कोपऱ्यात जो वेग उमटतो तो उपग्रहांच्या संकेतांवरून काढलेला; त्यास कोणाचा शिक्का आहे? कबूल. त्या आकड्यास शिक्का नाही, तो क्षणभर मागेही पडतो. म्हणून त्यावरच सारी मदार ठेवू नये. परंतु चित्रणात आकड्याखेरीज रस्ताही असतो! आपल्या महामार्गांच्या कडेस किलोमीटरच्या दगडांमध्ये दर दोनशे मीटरांवर लहान दगड रोवण्याची पद्धत आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दोनशे मीटरांचे अंतर १२ सेकंदांत तोडते. ताशी ८२ वेगाने जाणारी पावणेनऊ सेकंदांच्या आसपास. कॅमेरा सेकंदास ३० चित्रे घेत असेल तर पहिल्या गाडीस ३६० चित्रे लागतील, दुसरीस सुमारे २६३. मोजणारा चार-दोन चित्रांनी चुकला तरी हे अंतर झाकले जाणार नाही. हे त्रैराशिक प्राथमिक शाळेतील मुलास येते. त्यास तज्ज्ञ लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती फक्त चित्रण उघडून पाहण्याची इच्छा. आणि दगड तर सरकारनेच रोवलेले असतात!

आमच्या स्वतःच्या बाबतीत जे घडले ते येथे थोडक्यात सांगतो. ज्या शहरी सध्या आमची नेमणूक आहे त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. कारण हे कोठेही घडू शकते. आमची गाडी एमएच-११ची, म्हणजे साताऱ्याची. नोंदणीच्या पुस्तकावर पत्ता वडिलांच्या घराचा. मोबाइलचा क्रमांक तीन बदल्यांपूर्वीचा. परमुलखात नोकरी करणाऱ्यांस यात अपूर्व काही वाटणार नाही. २०२१ साली निघालेली ‘बीएच’ मालिका ज्यांनी घेतली त्यांची पाटी सुटली असेल, पण पत्ता सुटलेला नाही. गाडी माणसाबरोबर येते. पत्ता मात्र गावीच राहतो. अतिवेगाची नोटीस यथाक्रम वडिलांच्या हाती पडली, आणि ‘अरे, ही काय भानगड आहे?’ असे विचारून त्यांनी तिचे छायाचित्र आम्हांस धाडले, तो चौदावा दिवस होता. मर्यादा ६०, वेग ८२, असा आरोप.

आता डॅशकॅमचा एक गुणधर्म येथे सांगितला पाहिजे. त्याच्या मेमरी कार्डावरील जागा संपली की तो जुने चित्रण पुसून त्यावर नवे लिहितो. ६४ जीबीच्या कार्डावर एका कॅमेऱ्याचे सुमारे आठ-नऊ तासांचे चित्रण मावते. रोज दीड तास गाडी चालविणाऱ्याचे चित्रण म्हणजे सहाव्या दिवशी नाहीसे. सरकारने नोटीस पंधराव्या दिवशी दिली तरी ती मुदतीत. आणि नागरिकाचा पुरावा मात्र आठवड्यात स्वतःहून पुसला जातो. सरकारची नोंद निकालापर्यंत जपून ठेवण्याचा नियम झाला, पण समोरच्याची नोंद पुसली जाण्यापूर्वी त्यास कळवावे, हा विचार त्या नियमात आला नाही. आमचे चित्रण वाचले ते केवळ योगायोगाने. त्या घटनेनंतर आम्ही दौऱ्यावर होतो आणि गाडी जागेवर उभी होती. कार्ड काढून पाहिले. दोन दगडांमध्ये ३७५ चित्रे, म्हणजे साडेबारा सेकंद. म्हणजे ताशी ५८ किलोमीटरांहूनही किंचित कमी. आणि त्याच दोनशे मीटरांत उजवीकडून एक रिकामा ट्रक खडखडत पुढे निघून गेलेला स्पष्ट दिसतो.

आम्ही तक्रार नोंदविली. चित्रण जोडण्याची सोयच नव्हती. कागद जोडता येत होता, चित्र हलते असेल तर नाही. तेव्हा चार स्थिर चित्रे, गणित आणि विनंतीपत्र जोडले. मूळ कार्ड हजर करण्याची तयारी दर्शविली. यंत्राच्या प्रमाणपत्राची तारीख विचारली. तिसऱ्या दिवशी उत्तर आले : ‘यंत्राची नोंद तपासली, चलान योग्य आहे.’ सही नाही, नाव नाही, प्रमाणपत्राविषयी अक्षर नाही. यंत्राची नोंद यंत्राच्याच नोंदीशी ताडून पाहिली तर ती जुळणारच! ज्यावर आक्षेप घेतला त्यासच पंच नेमण्याची ही रीत आमच्या कचेरीत एखाद्या नवशिक्या कारकुनाने केली असती, तर अधीक्षकांनी त्यास फायलीसह परत पाठविले असते. प्रकरण आता न्यायालयात आहे, आणि त्याचा निकाल लागावयाचा आहे. तो काय लागेल हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु कोणी तरी ते चित्रण एकदा उघडून पाहील, एवढी आशा तरी तेथे आहे.

चित्रणात फेरफार करता येतो, हा दुसरा आक्षेप. येतो ना! कागदातही करता येतो. म्हणून काय न्यायालयांनी कागद पाहणे सोडले? खोट्या कागदाशी झगडत झगडतच पुराव्याचा कायदा वाढला आहे. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२०चा निर्णय मराठी वाचकांस विशेष जवळचा वाटावा, कारण तो जालन्याच्या निवडणुकीतून उद्भवला : अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत आला होता की नाही, हा वाद. आणि त्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील व्हिडिओचित्रणाचा प्रश्न. न्यायालयाने सांगितले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत हजर करावयाची तर कायद्यातील प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ज्या साधनावर ती नोंद प्रथम साठविली गेली ते मूळ साधनच त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून हजर केले व सिद्ध केले, तर त्या प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या ६३व्या कलमाखालील प्रमाणपत्रात नोंदीचा ‘हॅश’, म्हणजे त्या चित्रणातून गणिताने काढलेला आकडा, लिहावा लागतो. चित्रणात एका ठिपक्याचाही बदल झाला तर हा आकडा बदलतो. तेव्हा लाखेच्या मोहोरेपेक्षा ही मोहोर पक्की. याच प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा आहे. दोन हजारांच्या दंडासाठी तज्ज्ञ कोठून आणावा, ही अडचण खरी आहे, आणि ती दूर करणे सरकारचे काम आहे. परंतु फेरफार ओळखण्याचे मार्ग कायद्यानेच आखून दिले असता, ‘फेरफार होऊ शकतो’ एवढ्या सबबीवर चित्रण न पाहताच बाजूस सारणे हा आळस आहे. त्यास सावधगिरीचे नाव देऊ नये.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा. प्रत्येकजण भांडू लागला तर न्यायालये तुंबतील. त्यापेक्षा लोकअदालतीत जावे, दंडात सूट मिळते. आम्हांसही खिडकीवर हाच सल्ला मिळाला : ‘साहेब, पुढच्या लोकअदालतीत या, अर्ध्यात मिटेल.’ लोकअदालत ही १९८७च्या कायद्याने आलेली फार उपयुक्त संस्था आहे. भावकीचे, बँकेचे, अपघातभरपाईचे वाद तीत समेटाने मिटतात. परंतु समेट हा दोन मतांमध्ये होतो. ५८ आणि ८२ या दोन आकड्यांमध्ये तो कसा व्हावा? गाडी ७० वेगाने चालली होती असे उभयपक्षी ठरवावयाचे काय? गुन्हा केला असेल तर अर्धी सूट का, आणि केला नसेल तर अर्धा दंड का? खऱ्या अपराध्यास ही पद्धत स्वस्त पडते, निरपराध्यास महाग. शिवाय लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही. आणि न्यायालये तुंबण्याची भीतीही पोकळ आहे. डॅशकॅम लावणाऱ्या बहुतेकांचे चित्रण त्यांच्याच विरुद्ध जाईल; ते पायरी चढणारच नाहीत. उरतील ते थोडे, आणि त्या थोड्यांसाठीच तर न्यायालये आहेत.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट निराळी सांगावी लागत नसे. मराठेशाहीत वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की, सभेचा निर्णय मानू असे राजीनामे दोन्ही पक्षांकडून लिहून घेत, जामीन घेत. दोघांच्याही तकरीरा घेत, कागद पाहत, साक्षी तपासत. आणि मग महजर होई. वादी गावचा पाटील असला म्हणून प्रतिवादीची तकरीर न लिहिताच निवाडा झाला, तर त्यास कोणी निवाडा म्हटले नसते. ज्यांच्याजवळ छापखाना नव्हता, तार नव्हती, त्यांना दोन्ही बाजूंचे कागद पाहण्यास वेळ होता. आणि क्षणात दिल्लीची नोंद मद्रासेस धाडणाऱ्या आमच्या राजवटीस एक मिनिटाचे चित्रण पाहण्यास वेळ नाही!

राहिला प्रश्न सरकारी नोकरीचा. ‘सरकारचे मीठ खाऊन सरकारशी भांडावे काय?’ हे वाक्य आम्ही फार वेळा ऐकले आहे, आणि ते बोलणाऱ्यांनी केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४, वाचलेले नसतात. त्यांतील १९वा नियम सरकारी कामासंबंधी न्यायालयात जाण्यास मंजुरी घ्यावयास सांगतो. परंतु खाजगी नात्याने केलेल्या कृत्याचे समर्थन करण्यास तो आड येत नाही. अशी कारवाई केल्यास विहित अधिकाऱ्यास त्याचा अहवाल द्यावा, एवढेच सांगतो. रविवारी सकाळी स्वतःची गाडी स्वतः चालविणे हे खाजगी कृत्य नव्हे तर काय? तेव्हा भीतीस आधार नाही. उलट याच नियमांच्या आरंभी सचोटीची आज्ञा आहे. न केलेला अपराध सवलतीच्या दरात मान्य करणे हे सचोटीच्या कोणत्या व्याख्येत बसते? आणि आज भरलेला हा दंड उद्या ‘पूर्वीचा गुन्हा’ म्हणून पुढे आला, तर त्यावेळी कोणापाशी रडावयाचे?

म्हणून आमच्या मागण्या मोजक्याच आहेत. चलान निघताच त्याच दिवशी वाहनधारकास कळवावे, म्हणजे त्याची नोंद पुसली जाणार नाही. चलानावर यंत्राच्या प्रमाणपत्राचा क्रमांक व पडताळणीची तारीख छापावी. तक्रारीसोबत चित्रण जोडण्याची सोय करावी. आणि ते पाहून, कारणे देऊन, नावानिशी सही करून निर्णय द्यावा. यांपैकी एकही गोष्ट अशक्य नाही. यांतील बहुतेक तर आपण आपापल्या कचेऱ्यांतून रोज करीतच असतो.

नागरिकाचीही काही कर्तव्ये आहेत. कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावावे. शंका येताच चित्रण राखून ठेवण्याची कळ दाबावी. कार्ड काढून ठेवून दुसरे घालावे. मूळ चित्रण कापू नये, त्यावर काही लिहू नये. नोंदणीच्या पुस्तकावरील पत्ता व क्रमांक बदलीबरोबर बदलून घ्यावा. आणि सर्वांत कठीण कर्तव्य हे की, ते चित्रण आपल्या विरुद्ध बोलले तरी तेही ऐकावे. आपल्या बाजूने बोलला तर साक्षीदार आणि विरुद्ध बोलला तर पुसून टाकावयाचे कार्ड, असे ज्याचे धोरण असेल त्याने या भांडणात पडूच नये. सरकारवर आम्ही जो आरोप करीत आहो तोच त्याच्यावरही येतो. दोनशे मीटरांचा दगड सरकारास ओळखत नाही आणि आम्हांसही ओळखत नाही. त्याच्यासमोर दोघांनीही उभे राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

तेव्हा पुढच्या खेपेस मधल्या सुट्टीत कोणी ‘दंड भरा आणि मोकळे व्हा’ म्हणाले, तर वाचकांनी त्यास त्याच्याच शेऱ्याची आठवण द्यावी : ‘आधार नमूद करावा, मूळ कागद जोडावा.’ इतरांच्या फायलीवर रोज लिहितो ते वाक्य स्वतःच्या चलानावर एकदा लिहिण्याचे धैर्य दाखविले, तर म्हणीतला शहाणा काय करतो याची आपणांस पर्वा करण्याचे कारण नाही.